गणितानंद कापरेकर

भंडारा शहराजवळ वरठी येथे भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन आहे. तेथून मुंबईकडे निघालेली गाडी नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी मोठी स्टेशने मागे टाकत नाशिक रोडला पोचते. नाशिक रोडच्या पुढचे लहानसे स्टेशन म्हणजे देवळाली. तेथे लष्कराची जुनी छावणी आहे. देवळालीहून गाडी पुढे जाते, घाट उतरते आणि कल्याणला येते. कल्याणच्या पुढे मुंबईच्या वाटेवर डोंबिवली लागते.

या एकाच लोहमार्गावरील दोन गावांची नावे गणिताच्या जगात गेली आहेत. देवळालीवरून काही संख्यांना देवळाली संख्या हे नाव मिळाले. डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून काही संख्यांना डेम्लो संख्या हे नाव मिळाले. ही नावे देणारा माणूस एखाद्या मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता. तो देवळालीच्या शाळेतील एक साधा शिक्षक होता. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांच्या गणितप्रेमामुळे लोक त्यांना गणितानंद म्हणत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; आता ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी त्याला वाढवले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडायची म्हणजे सतत आकडेमोड करावी लागते. घरात अशी आकडेमोड चाललेली असे. लहान दत्तात्रेयाला भविष्यात गोडी वाटली नाही. पण आकड्यांनी त्याच्या मनात घर केले. कोडी सोडवण्यात आणि बेरीज-वजाबाकीच्या सोप्या वाटा शोधण्यात त्याचे तासन्‌तास जात.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. त्या काळात रँग्लर र. पु. परांजपे यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत होते. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परांजप्यांच्या नावाने विद्यार्थ्यांसाठी गणिताचे एक पारितोषिक ठेवलेले होते. स्वतःच्या बुद्धीने गणितात काही नवे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते मिळे. १९२७ साली हे पारितोषिक कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढील शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. ते देवळालीला शिक्षक म्हणून गेले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत तेथेच शिकवत राहिले.

संशोधन करायचे म्हणजे प्रयोगशाळा हवी, मोठे ग्रंथालय हवे, हाताशी पैसा हवा, असे आपल्याला वाटते. कापरेकरांजवळ यातले काहीच नव्हते. त्यांच्याजवळ कागद होता, पेन्सिल होती आणि शून्य ते नऊ हे दहा अंक होते. हे दहा अंक सर्वांना फुकट मिळतात. पण कापरेकर त्यांच्याकडे जसे पाहत, तसे फार थोडे लोक पाहतात.

एकदा डोंबिवली स्टेशनवर असताना त्यांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांविषयी विचार सुरू झाला. त्या स्टेशनाचे जुने नाव डेम्लो होते, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. या संख्यांपैकी सर्वांत देखण्या संख्या आपण पाहू. फक्त १ हा अंक घेऊन संख्या लिहा आणि तिचा वर्ग करा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करत नऊ एकांच्या संख्येपर्यंत गेलो, तर तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अंक पायरी-पायरीने नऊपर्यंत चढतात आणि तसेच पायरी-पायरीने उतरतात.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो आणि मराठी डावीकडून उजवीकडे. तुम्ही दिवसभर दोन्ही दिशांनी वाचत असता. संख्या मात्र दोन्ही भाषांत डावीकडूनच वाचतात. या डेम्लो संख्यांना मात्र दिशेची अडचणच नाही. त्या उजवीकडून वाचा की डावीकडून वाचा, संख्या तीच राहते. पण दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला, तर हातचा येतो आणि हा क्रम मोडतो. हे तुम्ही स्वतः करून पाहा.

आता याच एकांच्या ओळीकडे दुसऱ्या बाजूने पाहू. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, एका दुकानदाराकडे १२ तांबे आहेत. ते तो तीन ओळींत चार-चार असे मांडू शकतो. पण १३ तांबे असले, तर समान ओळी जमत नाहीत. सगळे तांबे एकाच ओळीत ठेवावे लागतात. ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांच्याशिवाय दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. उर्दूत तिला मुफरद अदद म्हणतात. १३ ही मूळ संख्या आहे, १२ नाही.

११ ही मूळ संख्या आहे. मग १११, ११११ यांचे काय? १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. ११११११ म्हणजे ११ गुणिले १०१०१. येथे एक नियम दिसतो. ओळीत किती एक आहेत, ते मोजा. ती मोजदाद ४, ६, ८, ९ अशी असेल, म्हणजे तिचे समान गट पडत असतील, तर पूर्ण संख्येलाही भाग जातो. म्हणून मूळ संख्या हवी असेल, तर ओळीतील एकांची मोजदाद मूळ असावी लागते. पण तेवढ्याने काम भागत नाही. पाच एक घेतले तर ती संख्या ४१ गुणिले २७१ निघते. सात एक घेतले तर ती २३९ गुणिले ४६४९ निघते. तेरा आणि सतरा एकांच्या संख्याही मूळ नाहीत. ११ नंतर थेट एकोणीस एकांपाशी मूळ संख्या सापडते. ती अशी : १११११११११११११११११११.

एवढी मोठी संख्या मूळ आहे, हे कसे ठरवायचे? सरळ मार्ग असा, की २ पासून सुरुवात करून एकेका संख्येने भागून पाहायचे. त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे १०५ कोटींच्या पुढे जावे लागते. दर सेकंदाला एक भागाकार केला, दिवसरात्र एक क्षणही विश्रांती घेतली नाही, तरी या कामाला तेहतीस वर्षे लागतील. कापरेकरांनी शाळेत शिकवले, तो सारा काळही एवढा भरत नाही.

पण गणितात विचार केला की वाट जवळची होते. वरची उदाहरणे पुन्हा पाहा. पाच एकांच्या संख्येला भागणाऱ्या संख्या ४१ आणि २७१ आहेत. त्यांना ५ ने भागले तर बाकी १ उरते. सात एकांच्या संख्येला भागणाऱ्या संख्या २३९ आणि ४६४९ आहेत. त्यांना ७ ने भागले तरी बाकी १ उरते. हा योगायोग नाही. एकांची मोजदाद ५ किंवा त्याहून मोठी मूळ संख्या असेल, तर हा नियम नेहमी लागू पडतो. म्हणून एकोणीस एकांच्या संख्येसाठी १९ ने भागल्यावर बाकी १ उरेल अशाच संख्या तपासायच्या. त्यातही फक्त विषम. मग १०५ कोटींच्या जागी सुमारे पावणेतीन कोटी संख्याच उरतात. गणितज्ञांनी याहूनही जवळच्या वाटा शोधल्या आणि ही संख्या मूळ आहे, हे १९२० च्या आधीच, संगणक नसताना सिद्ध केले. तेव्हा कापरेकर शाळेत शिकत होते. त्यानंतर तेवीस एकांची संख्याही मूळ ठरली.

अंकांकडे असे बारकाईने पाहणे हा कापरेकरांचा रोजचा छंद होता. त्यांच्या आणखी काही शोधांची ओळख करून घेऊ.

एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १ आणि ५ मिळून ६. १५ आणि ६ मिळून २१. म्हणजे १५ पासून २१ ही संख्या जन्मली. २१ पासून २४, २४ पासून ३० आणि ३० पासून ३३ जन्मते. अशी वंशावळ पुढे चालू राहते. १०१ या संख्येला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ही संख्या कोणापासून जन्मली? कितीही शोधा, तिचा जनक सापडत नाही. ३१, ५३ आणि ९७ यांनाही जनक नाही. शिवाय या तिन्ही मूळ संख्या आहेत. म्हणजे त्यांना भागणारा कोणी नाही आणि जन्म देणाराही कोणी नाही. जनक नसलेल्या संख्यांना स्वयंभू संख्या म्हणता येईल. कापरेकरांनी आपल्या गावाची आठवण ठेवून त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले.

दुसऱ्या काही संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. भंडारा जिल्ह्यातील वाहनांवर एम. एच. ३६ अशी अक्षरे असतात. ३ आणि ६ मिळून ९; ३६ ला ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणून ३६ ही हर्षद संख्या आहे. भंडाऱ्याचा पिन कोड ४४१९०४ आहे. त्याच्या अंकांची बेरीज २२ होते आणि २२ ने भागल्यावर बाकी १२ उरते. म्हणून तो हर्षद नाही. थोर गणिती रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या मात्र हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ होते आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

काही संख्यांना खुद्द कापरेकरांचेच नाव मिळाले आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली, की पुन्हा ४५ येतात. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. वर्ग करून तोडले, तरी जोडल्यावर त्या आपल्या मूळ रूपात परत येतात. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

या सर्वांहून प्रसिद्ध झालेली संख्या आहे ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून एक संख्या करा आणि चढत्या क्रमाने लिहून दुसरी संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा हीच कृती करा. आपण कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ.

९५१० वजा ०१५९ = ९३५१
९५३१ वजा १३५९ = ८१७२
८७२१ वजा १२७८ = ७४४३
७४४३ वजा ३४४७ = ३९९६
९९६३ वजा ३६९९ = ६२६४
६६४२ वजा २४६६ = ४१७६
७६४१ वजा १४६७ = ६१७४

आता ६१७४ वरच ही कृती केली, तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४ च येते. गाडी येथे येऊन थांबते. कोणतीही संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच स्टेशन गाठते. हे जादूसारखे दिसते, पण यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ निरनिराळी उत्तरे येऊ शकतात आणि ती सर्व ९ च्या पटीत असतात. ही ५४ उत्तरे एका वहीत लिहून प्रत्येकाची वाट तपासली, तर सर्व वाटा ६१७४ कडे जातात, याची खात्री कोणताही विद्यार्थी करून घेऊ शकतो. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी आपला हा शोध मांडला. पुढे स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकातही त्यांनी त्यावर लेख लिहिला. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे.

एवढे सगळे करूनही कापरेकरांना मान मिळाला का? आपल्या देशात बरीच वर्षे तो मिळाला नाही. अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम हसण्यावारी नेले. हा मुलांचा खेळ आहे, यात खरे गणित नाही, असे त्यांना वाटे. मोठी नियतकालिके त्यांचे लेख सहसा घेत नसत. तेव्हा कापरेकर पदरमोड करून आपल्या लहान लहान पुस्तिका छापत. प्रकाशक म्हणून त्यावर त्यांचेच नाव असे आणि पत्ता देवळालीचा. स्वयंभू संख्यांवरील त्यांच्या पुस्तिका १९५९ आणि १९६३ साली अशाच निघाल्या.

गणितज्ञांचे म्हणणे अगदीच निराधार होते, असे नाही. १३ तांबे कोणत्याही लिपीत मोजा किंवा दहाच्या ऐवजी आठ-आठचे गट करून मोजा. त्यांच्या समान ओळी होणारच नाहीत. १३ चे मूळपण लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही. पण ६१७४ चा गुण आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसतो. आपल्या हाताला आठच बोटे असती आणि आपण आठच्या पटीत मोजत असतो, तर ६१७४ चे हे स्थान राहिले नसते. म्हणून पहिल्या प्रकारचा गुण खोल आणि दुसऱ्या प्रकारचा वरवरचा, असे अनेकांना वाटे.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. एकोणीस एकांची ओळ दहाच्या पटीत लिहिली म्हणूनच एकांची ओळ दिसते. तिचे दिसणे वरवरचे असेल, पण ती मूळ आहे की नाही हे शोधताना गणितज्ञांना खोलात जावे लागले. अंकांची गंमत वाटली म्हणून माणूस थांबतो, का असे विचारतो आणि मग नियमापर्यंत पोचतो. कापरेकर हेच करत होते आणि मुलांनाही हेच करायला लावत होते. ते उत्तम शिक्षक होते. अंकांवरील स्वतःच्या प्रेमातून ते मुलांना गणिताची गोडी लावत. त्यांच्या खास पद्धतीवर बोलण्यासाठी आसपासची महाविद्यालये त्यांना आवर्जून बोलावत.

१९६२ साली कापरेकर सेवानिवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन थोडे होते. त्यात भागत नसे. म्हणून त्या वयातही ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. पोटापाण्याची ही ओढाताण चालू असताना त्यांनी संख्यांची संगत सोडली नाही. संख्यांचे चौकोन मांडण्याचाही त्यांना नाद होता. कोपर्निकस या खगोलशास्त्रज्ञाच्या जन्माला १९७३ साली पाचशे वर्षे झाली, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ त्यांनी जादूचे चौरस तयार केले.

१९७५ साली एक वेगळी घटना घडली. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात ते गणिताच्या गमतींवर सदर लिहीत. जगभरचे वाचक त्या सदराची वाट पाहत. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिले. देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव एकाएकी अनेक देशांत पोचले. परदेशातील गणितज्ञ त्यांच्या संख्यांवर लेख लिहू लागले. त्यांच्या खोलीत बसून छापलेल्या पुस्तिकांची आता जगाला गरज वाटू लागली. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

१९८६ साली देवळालीलाच कापरेकरांचे निधन झाले. त्याच वर्षी १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता प्रसिद्ध झाली. त्याआधी १९७७ साली ३१७ एकांची संख्या मूळ ठरली होती. आता गणितज्ञांच्या मदतीला संगणक आले होते. २०२२ साली तर ४९०८१ एकांची संख्याही मूळ ठरली. ती संख्या वहीत लिहायची झाली, तर एका पानावर हजार एक मावतात असे धरूनही पन्नास पाने लागतील. अशा मूळ संख्या अमर्याद आहेत की कोठेतरी संपतात, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

कापरेकरांच्या हाती संगणक नव्हता आणि मोठे पदही नव्हते. लोक हसले, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही आणि काम थांबवलेही नाही. शाळेतले काम त्यांनी बत्तीस वर्षे मन लावून केले आणि उरलेला वेळ संख्यांना दिला. आज संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कापरेकर संख्या आणि कापरेकर स्थिरांक सरावासाठी दिले जातात. ज्या मुलांनी देवळाली हे गाव कधी पाहिले नाही, त्यांच्या वहीतही देवळालीच्या गुरुजींची वजाबाकी उतरते आणि सात पायऱ्यांच्या आत ६१७४ पाशी येऊन थांबते.

शब्दार्थ

लोहमार्ग – रेल्वेचा रस्ता
कारकून – कार्यालयात लिखापढीचे काम करणारा
पत्रिका – जन्मकुंडली
मोजदाद – मोजणी
वंशावळ – पिढ्यांची ओळ
जनक – जन्म देणारा
स्वयंभू – आपोआप झालेला
स्थिरांक – न बदलणारी संख्या
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक किंवा पत्र
निवृत्तिवेतन – पेन्शन

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांचा जन्म कोठे झाला?
(आ) १९२७ साली त्यांना कोणते पारितोषिक मिळाले?
(इ) डेम्लो हे नाव कशावरून पडले?
(ई) हर्षद या शब्दाचा अर्थ काय?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांना लहानपणी आकड्यांची गोडी कशी लागली?
(आ) गणितज्ञांनी कापरेकरांचे काम हसण्यावारी का नेले? त्यांचे म्हणणे तुम्हांला पटते का?
(इ) एकोणीस एकांची संख्या तपासण्याची वाट जवळची कशी झाली?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
मनात घर करणे, पदरमोड करणे, हसण्यावारी नेणे, मागे टाकणे.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
चढता, साधा, खोल, मान, देशी.

५. करून पाहा.
(अ) १९८६ या संख्येपासून सुरुवात करून ६१७४ पर्यंत जा. किती पायऱ्या लागल्या?
(आ) ६१७४ ही हर्षद संख्या आहे का, ते तपासा.
(इ) ४२ या संख्येला जनक आहे का, ते शोधा.

६. उपक्रम.
भंडाऱ्याच्या बस स्थानकावर दिसणाऱ्या दहा वाहनांचे चार अंकी क्रमांक वहीत लिहा. त्यांपैकी कोणता क्रमांक सर्वांत कमी पायऱ्यांत ६१७४ ला पोचतो, ते वर्गात सांगा.